वाघळाविषयी खोटी साक्ष

आपल्या गावांत अशी रीत आहे की, एखाद्या मनुष्यावर आळ आला तर चार पंच जमतात, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतात आणि मग निवाडा सांगतात. निवाडा कधी चुकतोही. परंतु ऐकून न घेता कोणास दोषी ठरवावे हे कोणासही योग्य वाटत नाही. आता प्रश्न असा आहे की, हा न्याय केवळ मनुष्यापुरताच आहे काय? ज्या प्राण्यास आपली बाजू सांगावयास वाचा नाही, त्याच्याविषयी वाटेल ते बोलावे आणि त्या बोलण्याच्या आधारावर त्याचा जीव घ्यावा, ही मोकळीक आपणांस आहे काय? खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण सर्व जाणतो. कोणी म्हणेल की, त्या आज्ञेत शेजाऱ्याचे नाव आहे, जनावराचे नाही. ह्या म्हणण्याचा विचार करण्यासाठी ज्याच्याविषयी सर्वांत अधिक वाईट बोलले जाते असा एक प्राणी आपण घेऊ. तो म्हणजे वाघूळ.

दिघोरी आणि भंडारा जिल्ह्यातील इतर गावे ह्यांच्या वाचकांस वाघूळ दाखवावयास नको. गावाबाहेरच्या वडावर किंवा चिंचेवर दिवसा उलटी टांगलेली मोठी वटवाघळे आणि दिवेलागणीस घराच्या वळचणीतून निघून तलावावर घिरट्या घालणारी लहान वाघळे, ही दोन्ही आपल्या नेहमीच्या पाहण्यातली आहेत. परंतु पाहण्यात असणे निराळे आणि जाणणे निराळे. ज्यास आपण रोज पाहतो त्याच्याविषयी आपण बहुधा ऐकीव गोष्टींवरच विश्वास ठेवतो, कारण नीट पाहण्याची गरज आहे असे आपणांस वाटतच नाही.

वाघळावर लोक जे आरोप करितात ते आता एकेक तपासू.

पहिला आरोप असा की, वाघूळ आंधळे असते, म्हणून ते माणसाच्या अंगावर येते व केसांत अडकते. हे खरे नाही. कोणतेही वाघूळ आंधळे नसते. मोठ्या वटवाघळाचे डोळे तर टपोरे असून अंधुक प्रकाशात ते आपल्याहून चांगले पाहते, आणि डोळ्यांच्या व नाकाच्या साहाय्यानेच ते फळ शोधते. किडे खाणाऱ्या लहान वाघळांची गोष्ट निराळी आहे. ती तोंडाने किंवा नाकाने अतिशय बारीक आवाज काढितात, इतका बारीक की आपल्या कानांस तो ऐकू येत नाही. तो आवाज भिंतीवर, फांदीवर किंवा उडत्या किड्यावर आपटून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीवरून पुढे काय आहे हे त्यांस कळते. काळोखात उडत्या डासाचा ठाव घेणाऱ्या प्राण्यास आपले डोके दिसत नाही, असे मानावयास काहीच आधार नाही. ते आपल्या डोक्याभोवती फिरते ते तेथे जमलेल्या डासांसाठी.

ही गोष्ट समजण्यास किती काळ लागला ते पाहण्याजोगे आहे. इटली देशातील लाझारो स्पालांझानी नावाच्या विद्वान पाळकाने १७९३ साली असे दाखविले की, डोळे गेलेले वाघूळही अडथळे चुकवून उडते. लगेच जिनीव्हा येथील लुई ज्यूरीन ह्याने दाखविले की, वाघळाचे कान बंद केले म्हणजे ते धडपडते. अर्थ उघड होता. परंतु कानांनी पाहणारा प्राणी असू शकतो हे विद्वानांस हास्यास्पद वाटले आणि त्यांनी तो पुरावा बाजूस सारिला. पुढे १९३८ साली अमेरिकेत डॉनल्ड ग्रिफिन ह्या तरुण अभ्यासकाने एका यंत्राच्या योगे वाघळांचा तो न ऐकू येणारा आवाज पकडिला, तेव्हा खरे काय ते ठरले. मध्ये सुमारे दीडशे वर्षे गेली. शिकलेला मनुष्यही पुराव्यापेक्षा आपल्या समजुतीस अधिक मान देतो, हे ह्यावरून दिसते.

दुसरा आरोप असा की, वाघूळ रक्त पिते. जगात वाघळांच्या चौदाशेंहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी रक्तावर जगणाऱ्या केवळ तीन, आणि त्या तिन्ही मध्य व दक्षिण अमेरिकेत आहेत. हिंदुस्थानात अशी एकही जात नाही. आपल्याकडे एक मोठ्या कानांचे वाघूळ बेडूक, उंदीर, पाली व किडे मारून खाते. पूर्वीच्या काळी युरोपी विद्वानांनी त्यालाही रक्त पिणारे समजून तसेच नाव दिले. चूक कळल्यावर नावापुढे ‘खोटे’ हा शब्द जोडला, परंतु डाग लागलेले नाव काही पुसले नाही. एकदा बोललेली खोटी गोष्ट परत घेणे किती कठीण असते, हे ह्यावरून समजावे.

तिसरा आरोप असा की, वाघूळ हा अपशकुनी, धड पशू ना धड पक्षी असा विचित्र प्राणी आहे. वास्तविक पाहता वाघूळ पक्षी नव्हेच. त्याची मादी पिलास जन्म देते व अंगावर पाजते. त्याचा पंख म्हणजे लांब बोटांचा हात असून त्या बोटांमध्ये पातळ कातडे ताणलेले असते. वटवाघळाची मादी वर्षातून बहुधा एकच पिलू देते, आणि ते लहान असेपर्यंत त्यास छातीशी धरून उडते. एका झाडावरची वाघळे मारिली तर उंदरांप्रमाणे ती पुढल्या हंगामात पुन्हा भरून येत नाहीत. जो आपल्या मुलास उराशी धरून रात्रभर अन्न शोधीत फिरतो, त्या प्राण्यास केवळ रूपावरून अपशकुनी म्हणणे हे न्यायाचे नव्हे.

आता त्याच्या कामाकडे वळू. चैत्राच्या सुमारास आपल्या मुलखात मोह फुलतो. पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचणारी बाई झाडाखाली पडलेली फुले पाहते. रात्री त्याच झाडावर कोण येऊन गेले हे ती पाहत नाही. मोहाची फुले रात्री उमलतात, आणि फळे खाणारी वाघळे त्यांच्या गोड पाकळ्या खावयास येतात. खाताना त्यांच्या तोंडास पराग लागतो व तो दुसऱ्या झाडाच्या फुलापर्यंत पोहोचतो. त्यामुळे फळ धरते. पुढे ती फळे पिकली म्हणजे वाघळेच ती दूर नेऊन खातात व बी तेथे टाकितात. वड, उंबर व पिंपळ ह्यांचे बारीक बीदेखील त्यांच्याच पोटातून लांबवर जाऊन पडते. रानात जो मोह कोणी लाविला नाही आणि ज्याच्यावर कित्येक गरीब घरांचा उन्हाळा निभतो, तो लावणाऱ्यांत वाघळाचा वाटा आहे.

लहान वाघळांचे काम ह्याहूनही जवळचे आहे. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. कोहळी लोकांनी बांधिलेल्या जुन्या तलावांच्या पाण्यावर आज पुष्कळ बांध्या भिजतात. त्या पाण्यावर आणि धानावर रात्री जे किडे उडतात ते लहान वाघळांचे अन्न. धानावरचे तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंग शेतकऱ्याचे किती नुकसान करितात हे सांगावयास नको. थायलंड देशातील अभ्यासकांनी २०१४ साली असा हिशेब मांडिला की, तेथे गुहांत राहणारी वाघळांची एकच जात पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खाऊन दरवर्षी सुमारे २,९०० टन तांदूळ वाचवीत असावी. स्पेन देशात एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातशेतांत वाघळांसाठी लाकडी पेट्या टांगिल्या, तेव्हा खोडकिड्याचा उपद्रव कमी झाला.

आणि वाघळे नाहीशी झाली तर काय होते, ह्याचे उत्तर अमेरिकेत मिळाले आहे. तेथे २००६ साली एका पांढऱ्या बुरशीचा रोग प्रथम दिसला व त्याने किडे खाणारी लक्षावधी वाघळे मेली. एयल फ्रँक ह्या अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने दाखविले की, ज्या परगण्यांत हा रोग पोहोचला तेथील शेतकऱ्यांनी किडे मारण्याची औषधे सुमारे ३१ टक्के अधिक फवारिली, आणि त्याच परगण्यांत अपघात वगळून होणारे तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. पूर्वी वाघूळ जे काम फुकट करीत होते ते विषाने करावे लागले, आणि त्या विषाची किंमत पाळण्यातील मुलांनी दिली, असा ह्याचा अर्थ तो लावितो.

परंतु येथे थांबले पाहिजे. जो केवळ निंदा सोडून केवळ स्तुती करू लागतो तोही खरा साक्षीदार नव्हे. वाघळापासून धोका आहे, आणि तो लपविणे ही दुसरी खोटी साक्ष होईल. निपाह नावाचा प्राणघातक रोग १९९८ साली मलेशियात प्रथम दिसला. २००१ साली तो बंगालमधील सिलिगुडी येथे आला आणि २०१८ साली केरळातील कोझिकोडे येथे त्याने पुष्कळ बळी घेतले. ह्या रोगाचे विषाणू मोठ्या वटवाघळांच्या अंगी वसतात. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसात वाघळांची लाळ किंवा मूत्र पडून रोग झाल्याचे वारंवार सिद्ध झाले आहे. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर येथील एका गुहेतील वाघळे तपासली, आणि त्यांच्यात निपाहच्या खुणा सापडल्याचे २०२१ साली प्रसिद्ध केले. त्या वेळेपर्यंत महाराष्ट्रात मनुष्यास हा रोग झाल्याचे आढळले नव्हते. फळबागांचे नुकसान होते हेही खरे आहे; ज्याचा पेरू किंवा चिकू एका रात्रीत टोचला जातो, त्याची हानी काल्पनिक नाही.

तेव्हा कोणी विचारील की, इतके असता वाघळे मारून टाकणेच शहाणपणाचे नव्हे काय? ह्याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. युगांडा देशात किटाका नावाच्या खाणीत २००७ साली खाणकामगारांस वाघळांपासून मारबुर्ग नावाचा भयंकर ज्वर झाला. पुढे लोकांनी त्या खाणीतील वाघळे मारून काढिली. काही काळाने दुसरी वाघळे तेथे येऊन राहिली. २०१२ साली जवळच्या गावी तोच ज्वर अधिक जोराने पसरला, तेव्हा तपासणी झाली. पूर्वी शंभरांत सुमारे पाच वाघळांच्या अंगी तो विषाणू होता, आता सुमारे तेरांच्या अंगी आढळला. मारण्याने रोग घटला नाही, उलट वाढला. फळांविषयीही असेच घडले. मॉरिशस बेटाच्या सरकारने २०१५ साली फळबागांसाठी तीस हजारांहून अधिक वाघळे मारविली, परंतु बागाईतदारांचा नफा वाढला नाही. जेथे खरा धोका आहे तेथेही खोटा उपाय उपयोगी पडत नाही.

आपल्या देशाच्या कायद्याचा इतिहासही ह्या ठिकाणी बोधप्रद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती. तीत उपद्रवी म्हणून कावळे, उंदीर व घुशी ह्यांच्या ओळीत फळे खाणारी वाघळे घातली होती. ज्यास तेथे घातले त्यास कोणीही मारावे, अशी मोकळीक होती. ही स्थिती पन्नास वर्षे राहिली. २०२२ साली कायदा सुधारण्यात आला व १ एप्रिल २०२३ पासून ती अनुसूची राहिली नाही. त्या दिवशी वाघळाच्या स्वभावात काही पालट झाला नाही. त्याच्याविषयी आपणांस जे कळत होते ते मात्र पालटले होते.

आणि न पाहता ज्यास तुच्छ मानावे त्यात केवढी मोलाची वस्तू असू शकते, ह्याचे उदाहरण मराठी बोलणाऱ्या मुलखातच आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात तळेवाडी गावाजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहणीत १९१२ च्या सुमारास तेथे मोठ्या कानांचे एक वाघूळ सापडले, आणि १९१३ साली ते विद्वानांनी नवी जात म्हणून नोंदिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे सर्व जगात त्याचे ठिकाण म्हणून ही एकच जागा ठाऊक होती. नंतर ते मेघालयात व कंबोडियात आढळले. त्या एका गुहेत कोणी धूर केला असता किंवा आग लाविली असती तर काय नाहीसे झाले हे कोणास कळलेही नसते. आता तो प्रदेश भीमगड अभयारण्यात आहे.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. जनावराविषयी खोटे बोलणे हे पाप आहे काय? वाघूळ आपली निंदा ऐकत नाही. त्याचा अपमान होत नाही. मग बिघडले काय? ह्याचे पहिले उत्तर असे की, खोट्या साक्षीचा घाव शब्दावर थांबत नाही. २०२० साली साथीच्या भीतीने ठिकठिकाणी लोक वाघळांवर उठले, तेव्हा दक्षिण आशियातील चौसष्ट अभ्यासकांस एकत्र येऊन जाहीर करावे लागले की, येथील वाघळे ती साथ मनुष्यास थेट देतात असा पुरावा नाही. आधी शब्द गेला, मागून काठी गेली. दुसरे उत्तर असे की, प्राण्याविषयी पसरविलेले खोटे अखेर मनुष्यावर येऊन पडते. मोहाच्या झाडावर, धानाच्या बांधीवर आणि अमेरिकेतल्या पाळण्यावर ते कसे येते हे आपण पाहिले. तिसरे उत्तर सर्वांत मोठे आहे. खोटी साक्ष प्रथम साक्षीदारास बिघडविते. जो न पाहता एकाविषयी बोलतो त्यास न पाहता सर्वांविषयी बोलण्याची सवय लागते.

ही सवय काय असते हे आमच्या वाचकांस इतरांनी शिकवावयास नको. पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी गावकुसाबाहेर राहून ऐकीव निवाड्याचा जाच सोसला आहे. त्यांस कोणी विचारिले नाही, त्यांचे काम कोणी मोजिले नाही. जन्मापूर्वीच त्यांच्याविषयीचे मत ठरलेले होते. मनुष्य आणि पशू ह्यांची बरोबरी येथे करावयाची नाही. मनुष्याचे मोल निराळे आहे व ते कोणत्याही तुलनेत घालू नये. येथे तुलना आहे ती निवाडा करणाऱ्यांची. जे मन एका ठिकाणी विचारपूस करीत नाही, तेच मन दुसऱ्या ठिकाणीही करीत नाही. ज्यांनी तो अन्याय भोगिला त्यांनी दुबळ्यात दुबळ्या प्राण्याविषयीही चौकशी केल्यावाचून बोलू नये, हे त्यांस शोभते.

शास्त्राचा आधार पुढे करून कोणी म्हणेल की, लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आणि अनुवादाच्या चौदाव्यात उडणाऱ्या अशुद्ध प्राण्यांच्या यादीत शेवटी वाघळाचे नाव आहे. आहे खरे. परंतु ती यादी काय खाऊ नये ह्याची आहे. कोणास मारून टाकावे ह्याची नव्हे. त्या नियमाप्रमाणे चालणाऱ्याच्या हातून वाघूळ मरण्याऐवजी वाचतच असे. आणि दम्यावर किंवा संधिवातावर औषध म्हणून वाघळाची चरबी व मांस वापरणाऱ्यांस आजचे वैद्यही हेच सांगतील की, ते औषध नव्हे आणि त्याला हात लावण्यातच धोका आहे.

मग करावे काय? सत्य साक्षीचे दोन्ही भाग पाळावे: त्यास मारू नये आणि त्याच्याशी लगट करू नये. टोचलेले किंवा अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नये. चांगले फळही धुऊन खावे. उघड्या मडक्यात जमलेली शिंदी किंवा ताडी पिऊ नये. विहीर व पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. पडलेल्या वाघळास मुलांनी हात लावू नये. ते जखमी असल्यास वनखात्याच्या मनुष्यास कळवावे. चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने व पुष्कळ पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. घरात ती नको असतील तर संध्याकाळी ती बाहेर गेल्यावर फट बुजवावी, मात्र आत पिले असतील त्या दिवसांत बुजवू नये. फळझाडावर बारीक डोळ्यांचे जाळे ताणून घालावे, म्हणजे ती अडकून मरणार नाहीत. ज्या वडावर किंवा चिंचेवर त्यांची वस्ती आहे ते झाड तोडू नये, त्याखाली फटाके उडवू नयेत, गुहेत धूर करू नये. बिहारमधील सरसई गावचे लोक आपल्या वाघळांस पिढ्यानपिढ्या सांभाळीत आले आहेत. त्यांची श्रद्धा आपली नव्हे, परंतु त्यांचा संयम शिकण्यासारखा आहे.

उपदेशक आणि शाळाशिक्षक ह्यांस एक विशेष विनंती आहे. संध्याकाळी मुलांस दूर उभे करून वस्तीच्या झाडावरून किती वटवाघळे उडतात हे मोजावयास लावावे आणि महिन्याच्या महिन्यास आकडा वहीत लिहावा. खर्च काही नाही. जे मूल स्वतः मोजिते ते ऐकीव गोष्ट सांगत नाही. आज ते वाघळाविषयी जे पाहिले तेवढेच बोलावयास शिकेल, तर उद्या शेजाऱ्याविषयी, परजातीच्या मनुष्याविषयी आणि आपल्या वैऱ्याविषयीही तसेच बोलेल. आज्ञेत वाघळाचे नाव नसले तरी ती आज्ञा पाळावयास शिकण्याचा हा एक सोपा धडा आहे.